पट्टा बांधलाच होता

माझ्या टेबलाच्या खणात एक वायसर पडलेले असते. पुस्तकात त्याला वॉशर म्हणतात. पण चंद्रपूरच्या गॅरेजात वॉशर मागितले तर पोऱ्या क्षणभर तोंडाकडे बघत राहतो, म्हणून आपण वायसरच म्हणू. रुपयाच्या नाण्याहूनही लहान. मुळात सपाट असलेली ही चकती मधोमध खोलगट झाली आहे, देवघरातल्या चिमुकल्या वाटीसारखी. आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. दरवर्षी नव्या मुलांच्या हातात ते वायसर द्यायचो आणि विचारायचो, ‘‘हे असे कशाने झाले असेल, सांगा.’’ कोणी हातोडा म्हणे, कोणी प्रेस म्हणे. बरोबर उत्तर मी सांगत असे. मात्र ते वायसर बसवले कोणी, हे निवृत्त होईपर्यंत एकाही तुकडीला सांगितले नाही.

ते मी बसवले होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या सीटखाली.

गोष्ट 1998 च्या महाशिवरात्रीची. त्या दिवशी आमच्याकडची सारी पावले मार्कंड्याकडे वळतात. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हे प्राचीन देवालय आहे. नदी तिथे उत्तरवाहिनी होते. विदर्भाची काशी म्हणतात ती हीच. भाऊजींनी त्या साली लिलावातून एक डिस्पोजलची जीप घेतली होती. ताडपत्रीचे छत, उघड्या बाजू, आणि मागे आम्हीच अँगल जोडून केलेला, तोंड पुढे असलेला बाक. गाडीला सीटबेल्ट असण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या मोटारींना पुढच्या सीटवर पट्टे हवेत हा नियमच मुळी 1994 चा. मागच्या सीटसाठी तो आला 2002 मध्ये. पण मी पडलो शिकवणारा माणूस. भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या मोटारीचे दोन कमरपट्टे मिळाले, ते आणले. जीपच्या पत्र्याला ड्रिलने भोके पाडली, दहा नंबरचे बोल्ट घातले, खालून वायसर आणि नट लावून पान्याने करकचून आवळले. दोन तासांत काम फत्ते. ‘‘मागच्या सीटला पट्टा असलेली अख्ख्या जिल्ह्यात ही एकच जीप,’’ असे भाऊजी जत्रेत भेटेल त्याला सांगत होते, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. ऐकायला बरे वाटत होते.

परतताना रात्र झाली. मूल ओलांडले, केळझर मागे पडले. भाऊजी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. मागे ताई, तिच्या मांडीवर तीन वर्षांचा भाचा, बाकीच्या जागेत अंथरुणांची वळकटी आणि प्रसादाच्या पिशव्या. गारठा होता म्हणून ताईने पोराला पोटाशी धरून एकाच पट्ट्यात दोघांना घेतले होते. मीच तसा बांधून दिला होता. चिचपल्लीच्या अलीकडे उजवीकडून रोही आडवा आला. तुमच्याकडे त्याला नीलगाय म्हणत असतील. पण अंधारात दिव्याच्या झोतात तो घोड्याएवढा दिसतो. भाऊजींनी ब्रेक दाबला, गाडी फरकटली आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. वेग फार नव्हता. चाळीसच्या आसपास असेल.

मी पाय रोवून बसलो होतो, गुडघ्यावर निभावले. भाऊजींच्या दोन बरगड्यांना स्टिअरिंगचा मार बसला. ताई मात्र मागून येऊन आमच्या सीटच्या लोखंडी पाठीवर तोंडावर आपटली. जबडा मोडला, दोन दात गेले, डावा हात खांद्यातून निखळला. पोरगा वळकटीवर जाऊन पडला. डाव्या भुवईवर चार टाके, बाकी काही नाही. नागपूरला नेऊन ताईचा जबडा तारांनी बांधला. दीड महिना ती नळीने पेज पीत होती. अजूनही जेवताना तिचा जबडा कट्‌कट वाजतो. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला ते ऐकू येते.

या अपघातातून आमच्या घराने जो धडा घेतला, तो असा: पट्टा नसलेले दोघे सुखरूप राहिले आणि जिने पट्टा बांधला होता तिचाच जबडा मोडला, तेव्हा पट्टा हे थोतांड आहे. हा सिद्धांत आमच्या लग्नकार्यांत, तेराव्यांत, दिवाळीच्या फराळाला इतक्या वेळा मांडला गेला की तो पोराबाळांच्या रक्तात उतरला. आणि खरे काय ते माहीत असलेला एकमेव माणूस, म्हणजे मी, प्रत्येक वेळी चिवडा खात गप्प बसलो.

खरे काय ते सांगतो. पट्टा तुटला नव्हता. बक्कल सुटले नव्हते. बोल्टसुद्धा शाबूत होता. फाटला तो पत्रा. शर्टाचे बटण ओढले की कधी कधी दोरा तुटत नाही, कापडच फाटते आणि बटण कापडाच्या चिंधीसकट हातात येते. तसे ते वायसर पत्रा फाडून वर आले होते.

हिशेब सोपा आहे. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. एवढ्या वेगातला माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचा, तर त्याच्या वजनाच्या सुमारे साडेबारा पट जोर लागतो. साठ किलोच्या बाईला साडेसातशे किलो, म्हणजे दोन दांडग्या बैलांच्या वजनाएवढा. तो जोर पट्ट्यावर येतो, पट्ट्यावरून बोल्टावर, बोल्टावरून वायसरवर आणि वायसरवरून पत्र्यावर. माझ्या वायसरचे क्षेत्रफळ होते साडेतीन चौरस सेंटीमीटर. त्याखालचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, त्यातही अर्धा गंजलेला. पट्टा कंपनीचा होता. पण तो ज्याला बांधला होता ते माझे होते.

आणि पोराचे काय? चौदा किलोचे मूल त्याच धक्क्यात पावणेदोनशे किलोचे होते. कुठली आई ते हातांत धरून ठेवील? मायलेक एकाच पट्ट्यात असतील, तर आईचा सगळा भार पोराच्या पोटावर येतो. पट्टा आणि आई यांच्यामध्ये ते मूल अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडते. त्या रात्री माझा बोल्ट निघाला म्हणून ताईचा जबडा मोडला, आणि कदाचित निघाला म्हणूनच पोरगा वाचला. ही दुसरी गोष्ट ध्यानात आली तेव्हा मी कितीतरी रात्री झोपू शकलो नव्हतो. माझी एक चूक माझ्याच दुसऱ्या चुकीच्या आड आली होती.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण म्हणजे तोच पोरगा. तो आता तिशीत आहे, भुवईवरचा व्रण तेवढा राहिला आहे. त्याला चार वर्षांची मुलगी आहे, आणि गेल्या हिवाळ्यात त्याने एक जुनी जिप्सी विकत घेतली.

जिप्सीशिवाय आता ताडोब्याचे नाव निघत नाही. 1955 चे राष्ट्रीय उद्यान, 1986 चे अंधारी अभयारण्य, आणि नव्वदच्या दशकात दोहोंचा मिळून झालेला व्याघ्रप्रकल्प. आम्ही लहान असताना ताडोब्याला जाणे म्हणजे डबा घेऊन तळ्याकाठी बसणे होते. आता मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या फाटकांवर पहाटे पाचला उघड्या जिप्सींची रांग लागते. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये बाजारात आणली आणि 2019 मध्ये बनवणे थांबवले. तेव्हापासून जुन्या जिप्सींना सोन्याचे मोल आले आहे. छत काढायचे, मागचे मूळ बाक काढायचे, चौकोनी पाइपांचे उंच बाक वेल्डिंगने बसवायचे, हिरवा रंग मारायचा, की गाडी तयार. भाच्याच्या डोक्यात असेच काहीसे होते. आधी घरच्यांना घेऊन मार्कंड्याला जायचे, मग हेमलकसा, आणि पुढेमागे परवाने मिळाले तर पर्यटनाला लावायची.

एका सकाळी त्याचा फोन आला. ‘‘मामाजी, गाडी पडोलीले गॅरेजात हाये. एक डाव पाहून जा ना.’’

गेलो. मिस्त्री कामाचा होता, त्याच्या वेल्डिंगची लकेर पाहिली की हात कळत होता. पण बाकाचे चारही पाय त्याने सरळ पत्र्यावर टेकवून टाके मारले होते. आणि बाकावर ठेवली होती लाल रंगाची, चार पट्ट्यांची दोन शर्यतीची हार्नेस, मुंबईहून कुरियरने मागवलेली. खांद्यांवरून दोन पट्टे, कमरेला दोन, मधोमध गोल बक्कल.

‘‘हे रे कशाला?’’

‘‘फोटोत भारी दिसते, मामाजी. पाहुणे खूश होतेत. तसं जंगलात कोन पट्टा लावते? आईनं लावलाच होता ना तेव्हा. मंग काय झालं?’’

मी काहीच बोललो नाही. मिस्त्रीला विचारले, खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधणार? त्याने बाकाच्या मागची फरशी दाखवली. ‘‘इथं भोक पाडू अन् नट मारू. वायसर टाकतो ना साहेब, ढिलं सोडत नाही.’’

त्या क्षणी मला मीच उभा दिसलो.

मग मी भाच्याला बाकावर बसवले, एक सुतळी घेतली, तिचे एक टोक फरशीवरच्या त्या जागी धरले आणि दुसरे त्याच्या खांद्यावरून पुढे आणून खेचले. ‘‘काय वाटते?’’ तो म्हणाला, ‘‘खांदा खाली दबून राहिला.’’ बरोबर. गाडी आदळली की माणूस पुढे जातो, आणि फरशीला बांधलेला पट्टा त्याला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो. सगळा दाब पाठीच्या मणक्यांवर. म्हणून खांद्याचे पट्टे खांद्याच्याच उंचीवरून, फार तर किंचित खालून, मागे गेले पाहिजेत. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए उतार दहा अंशांच्या आत ठेवा म्हणते आणि पंचेचाळीस अंशांपलीकडे जाऊच देत नाही. त्यासाठी मागे त्या उंचीवर भक्कम आडवी नळी लागते.

तेवढेही केले तरी प्रश्न सुटत नाही. शर्यतीच्या गाडीत माणसाभोवती पोलादी पिंजरा असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते. तिथे माणूस सीटला जखडलेला असावा हेच बरे. उघड्या जिप्सीत उंच बाकावर बसलेल्या माणसाचे डोके ही गाडीतली सर्वांत उंच वस्तू असते. गाडी उलटली तर चार पट्ट्यांनी ताठ बांधलेल्या त्या माणसाला वाकायलाही जागा नाही. आणि बाक जितका उंच तितकी गाडी उलटायला सोपी. म्हणजे हार्नेस लावायचे तर आधी डोक्याच्या वरून जाणारी लोखंडी कमान हवी, चेसीपर्यंत पाय रोवलेली. पाण्याच्या नळाचा पाइप वाकवून केलेली कमान दिसायला कमानच दिसते. भार आला की ती काडीसारखी चेपते. आमच्याकडच्या कित्येक गाड्यांवर ती केवळ दिवे लावायला असते.

लाल हार्नेस परत खोक्यात गेली. भाच्याचा चेहरा उतरला; पण त्या दिवशी एवढेच झाले.

पुढचे तीन आठवडे मी रोज पडोलीला जात होतो. निवृत्त माणसाला याहून सुखाचे काय असते! मागचा बाक आम्ही पार उखडला. खालचा गालिचा काढला, तर निम्म्या फरशीला गंज. या गाड्या चिखलातून, नाल्यातून जातात. पावसाळ्यात गालिच्याखाली पाणी मुरते आणि वरून काहीच दिसत नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. मग मूळची भोके शोधली. मोटारीत कंपनीने पट्ट्यासाठी दिलेले भोक हे नुसते भोक नसते. त्याच्या पाठीमागे जाड पत्र्याची जोड आणि त्यात पक्का बसवलेला नट असतो. जिथे तसे भोक मिळते तिथे नवे पाडू नये. इथेही एक खोच आहे. बहुतेक मोटारींत या बोल्टाचे माप इंचात असते, सोळांशी सात इंच, आणि आटे बारीक. आपल्याकडच्या दुकानात मिलिमीटरचे बोल्ट. बाराचा आत जात नाही, दहाचा डुलतो. मग कोणीतरी भोकात नवे आटे पाडून बाराचा दामटतो आणि कंपनीचे काम मातीमोल करतो. योग्य बोल्टासाठी आम्ही चार दिवस थांबलो. मिस्त्री रोज विचारायचा, ‘‘साहेब, एका बोल्टासाठी?’’

जिथे नवी भोके पाडावीच लागली तिथे फरशीच्या खालून पोलादी पट्टी लावली. एफआयएच्या नियमात ही पट्टी किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि चाळीस चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची सांगितली आहे. माझ्या त्या वायसरच्या अकरापटीहून मोठी. आम्ही दहा सेंटीमीटर बाजूचा चौकोन घेतला, म्हणजे शंभर. कोपरे घासून गोल केले, नाहीतर धक्क्यात पट्टीची धारच पत्र्याला कापते. बोल्ट घेतले ते डोक्यावर 8.8 चा आकडा असलेले हायटेन्साइल. अशा बोल्टाला वेल्डिंगचा टाका मारू नये, एवढे मिस्त्रीला तीनदा सांगावे लागले; त्याच्या मते टाका मारला की काम पक्के होते. वस्तुस्थिती उलटी आहे. त्या उष्णतेने बोल्टाचा कस जातो. आणि बोल्ट असा बसवायचा की ओढ त्याच्यावर आडवी यावी. उपटल्यासारखी सरळ वर येऊ नये.

जिप्सीची बॉडी चेसीवर रबराच्या गट्ट्यांवर बसवलेली असते. सीट बॉडीला आणि पट्टा चेसीला अशी वाटणी केली, तर धक्क्यात दोन्ही वेगवेगळ्या हलतात आणि मधला माणूस ओढला जातो. म्हणून दोन्ही एकाच अंगाला धरून ठेवावीत. पट्टा बाकालाच बांधणार असाल, तर माणसाच्या भाराबरोबर बाकाचाही भार त्या चार पायांवर येणार हे लक्षात ठेवावे. ज्या बाकाला पत्र्यावर टाके मारलेले आहेत त्याला पट्टा बांधणे म्हणजे माणसाच्या पाठीवर बाकही लादणे.

कमरेच्या पट्ट्याचा कोन मोजायला मी नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक नेला होता. गॅरेजातली पोरे हसत होती. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसला पाहिजे आणि तिथून मागे व खाली, साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांत उतरला पाहिजे. खुंटी फार मागे गेली की पट्टा आडवा होतो, माणूस त्याच्याखालून सरकतो आणि हाडांवर यायचा भार आतड्यांवर येतो. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही, आत रक्तस्राव होतो. चार बोटांच्या फरकाने हे ठरते. त्या जीपमध्ये मी खुंटी कुठे ठेवली होती ते आता आठवत नाही. बहुधा जिथे ड्रिल सहज पोचले तिथे.

शेवटी ठरले ते असे. बाक मूळच्या उंचीवर आणायचा. डोक्यावरून जाणारी भक्कम कमान, तिला तिरके टेके, आणि तिच्यावर खांद्याच्या उंचीला धरलेले नेहमीचे तीन ठिकाणी बांधायचे पट्टे. हाच तो नील्स बोलिनचा पट्टा. बोलिन हा स्वीडनचा अभियंता. आधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने करायचा, मग व्होल्वोत येऊन 1959 मध्ये त्याने माणसाला आत धरून ठेवणारा पट्टा दिला. एका हाताने लागतो, भार छाती आणि कमर यांत वाटतो. कंपनीने हे पेटंट इतर कारखान्यांना मोकळे करून दिले. मोटारीच्या इतिहासात इतके साधे आणि इतके उपयोगी दुसरे काही मला तरी ठाऊक नाही.

पण तीन ठिकाणी बांधायचे पट्टे मधल्या माणसाला बसवता येईनात. म्हणजे एका बाकावर तिघांऐवजी दोघे. यावर भाचा अडला.

‘‘मामाजी, दोन सीटा कमी झाल्या तं धंदा काय करू? वाघ दिसला का लोक उभेच रायतेत. पट्टा लावून कोन बसते?’’

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जंगलाच्या आत गाडी रांगते, आणि पट्टा काढून चार घटका पाहिले तर मी आड येणार नाही. मात्र गावातून फाटकापर्यंतचा डांबरी रस्ता जंगलातला नसतो. तिथे पहाटेच्या अंधारात फाटक गाठायच्या घाईत याच गाड्या सुसाट जातात आणि पाहुणे उंच बाकावर चादरी गुंडाळून पेंगत असतात. आलापल्लीपासून भामरागडपर्यंत काळीपिवळीत माणसे कशी कोंबलेली असतात, एटापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक कसे येतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला मी अधिक काय सांगू? मागच्या सीटचा पट्टा ही आपल्याकडे शोकसभेत आठवण्याची गोष्ट आहे. 2014 च्या जूनमध्ये दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले तेव्हा आठवली. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेव्हा पुन्हा आठवली. त्या मोटारीत पट्टा बांधलेले पुढचे दोघे वाचले, न बांधलेले मागचे दोघे गेले. पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड हा कायदा 2019 पासून पुस्तकात आहे. पुस्तकात.

हे मी भाच्याला ऐकवले. तो तसाच उभा. ‘‘पन आईनं लावलाच होता,’’ तो पुन्हा म्हणाला.

तेव्हा मी खिशातून वायसर काढून त्याच्या तळहातावर ठेवले. आयटीआयतल्या मुलांना विचारायचो तोच प्रश्न विचारला नाही. सरळ सांगून टाकले. भोक कोणी पाडले, पट्टी का लावली नव्हती, मायलेकांना एका पट्ट्यात कोणी बांधले, आणि इतकी वर्षे दिवाळीच्या फराळाला मी काय करत होतो. मिस्त्री ग्राइंडर बंद करून ऐकत होता. भाचा वायसर उलटेसुलटे करत राहिला. मग म्हणाला, ‘‘आईले मालूम हाये?’’

नव्हते, असे मी समजत होतो.

संध्याकाळी त्याच्याच घरी गेलो. ताई अंगणात मोहफुले निवडत बसली होती. मी बोलायला सुरुवात केली, तर तिने मान वर न करता मला थांबवले. ‘‘मले मालूम हाये रे. मी काही बेसुद नव्हते. थो बोल्ट माह्या कमरेलेच लटकून होता. तू काढून खिशात टाकला, तेही पाह्यलं मी.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तोंड तारांनी बांधलं होतं दीड महिना,’’ ती म्हणाली. ‘‘अन् मंग बोलून काय करू? तू रोज डबा घेऊन येत होता दवाखान्यात. तुह्या तोंडाकडे पाहावत नव्हतं.’’

भाचा दाराशी उभा होता. त्याने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजात पोचलो, तेव्हा मधल्या माणसाची गादी कापलेली होती.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. मोटारीच्या मूळ बांधणीत मनाप्रमाणे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मोकळीक देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते आणखी ठणकावून सांगितले आहे. आरटीओची मंजुरी मिळेपर्यंत ती अंगणातच उभी राहील, आणि त्यांनी एखादा बदल काढायला लावला तर काढू. माझी त्याला हरकत नाही. आम्ही केलेले काम पाहून, कोन मोजून केले आहे. पण ते कोणी ओढून पाहिलेले नाही. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीचे पट्टे धरणाऱ्या जागा प्रयोगशाळेत यंत्राने ओढून तपासतात. छातीच्या पट्ट्याला साडेतेराशे किलोचा जोर आणि कमरेच्या पट्ट्यालाही तेवढाच, दोन्ही एकाच वेळी. पुण्याच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था 1966 पासून मोटारींच्या चाचण्यांचे काम करते. पडोलीच्या गॅरेजात तसे काही नाही. म्हणूनच, मूळ सीट आणि मूळ पट्टे जागेवर असलेली गाडी कोणी मला दाखवायला आणली, की मी आधी हात जोडून सांगतो: बाबा, यातले काहीच उखडू नको. आणि भंगारातला पट्टा तर कधीच घेऊ नको. एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा दिसायला नवा असला तरी त्याचा जोर संपलेला असतो. आमच्याकडचे ऊनही त्याचे धागे खाते. चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या गाडीतल्या पट्ट्यावरून नख फिरवून पाहा. तंतू उभे राहिलेले दिसले, रंग विटलेला दिसला, तर बदलायचा.

चार वर्षांच्या नातीचे काय, यावर घरात अजून वाद आहे. मांडीवर नाही, एवढे ठरले. मोठ्यांच्या मापाचा पट्टा तिच्या गळ्याशी येतो, म्हणून तिच्यासाठी लहान मुलांचे वेगळे आसन घ्यायचे आणि ते पक्के बसत नसेल तर तिला छताच्या मोटारीतून न्यायचे, असे माझे मत. आजीचे मत वेगळे आहे. तिच्या मते नातीने घरीच राहावे आणि आजीनेही.

परवा अंगणात भाच्याने तिला गाडीत बसवलेच. मागच्या बाकावर, डावीकडे. पट्टा लावला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि जोरात हिसडा दिला. पट्टा जागच्या जागी अडला. तिने पुन्हा दिला. मग बक्कल काढून खाली उतरली आणि साठीच्या पुढची बाई, साडीचा पदर खोचून, जमिनीवर वाकली.

‘‘बॅटरी आन रे,’’ ती पोराला म्हणाली. ‘‘खालून काय लावलं ते पाहू दे मले.’’